अतिदक्षता विभागातील रुग्णाचा आहार : थोडा, वेळेवर आणि मोजून

एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांचे सासरे निमोनियामुळे नऊ दिवस अतिदक्षता विभागात, म्हणजे आपण ज्याला आय.सी.यू. म्हणतो तिथे, व्हेंटिलेटरवर होते. घरून रोज दोन वेळा डबा जाई. तांदळाची पेज, डाळीचे पाणी, मोसंबीचा रस. डबा तसाच परत येई. काचेतून डोकावले तर नाकातल्या नळीतून दुधासारखे काहीतरी हळूहळू जाताना दिसे, आणि पहिल्या दिवशी तर तेही नव्हते. "पाहुणे म्हणतात, एवढा खर्च केलात आणि म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवलेत. हे खरे आहे काय?" असे त्यांनी विचारले आहे.

सासरे आता घरी आले आहेत हे वाचून बरे वाटले. पण हा प्रश्न त्या एकट्या भगिनीचा नाही. आपल्याकडे आजारी माणसाला खाऊ घालणे हीच सेवा समजली जाते. त्यामुळे दाराबाहेर बसलेल्या घरच्यांना सर्वांत जास्त टोचते ते हेच, की आत आपला माणूस उपाशी पडला आहे. उत्तर आधीच सांगून टाकते. ते उपाशी नव्हते. त्यांना अन्न मिळत होते, पण औषधासारखे मोजून. अतिदक्षता विभागात अन्नाचाही डोस असतो. तो माणसागणिक वेगळा असतो आणि त्याच माणसाचा पहिल्या दिवसाचा डोस सातव्या दिवशी चालत नाही.

असे का, ते समजून घेऊ. निरोगी माणूस दोन दिवस जेवला नाही तर शरीर काटकसर करते. साठवलेली चरबी जाळते आणि स्नायू जपते. गंभीर आजारात उलटे घडते. मोठा जंतुसंसर्ग, भाजणे, अपघात, मोठे ऑपरेशन यांमुळे शरीरात असे काही स्राव वाढतात की शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागते आणि त्यातून साखर तयार करते. लंडनमधील डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूची सोनोग्राफीने केलेली मोजणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. दहा दिवसांत त्या स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे अठरा टक्क्यांनी घटलेले आढळले. आय.सी.यू.तून आलेला माणूस दोन पावले टाकताना का थरथरतो, याचे कारण यात आहे.

मग साहजिकच वाटते, की स्नायू झिजताहेत तर भरपूर खाऊ घाला. डॉक्टरांनाही कितीतरी वर्षे असेच वाटत होते. १९६० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे स्टॅन्ली डड्रिक या तरुण सर्जनने कुत्र्याच्या पिलांना तोंडाने काहीही न देता, केवळ छातीतल्या मोठ्या शिरेतून पोषण देऊन वाढवून दाखवले. पुढे ज्यांचे आतडे जन्मतः निकामी होते अशी बाळेही त्या पद्धतीने वाचली. हा शोध फार मोठा होता यात शंका नाही. पण त्याबरोबर अशी समजूत पसरली की शिरेतून जितके जास्त ओतू तितका रुग्ण लवकर सावरेल.

तसे घडत नाही, हे नंतर मोठ्या चाचण्यांतून कळले. बेल्जियममध्ये ४,६४० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला पहिल्या दोन दिवसांतच शिरेवाटे पूर्ण पोषण दिले. दुसऱ्या गटाला आठव्या दिवसापर्यंत ते दिले नाही, नळीतून जेवढे जाईल तेवढेच दिले. उशिरा पोषण दिलेल्यांमध्ये जंतुसंसर्ग कमी झाला आणि ते लवकर बाहेर आले. फ्रान्समध्ये ३,०४४ रुग्णांवरचा असाच एक अभ्यास २०२३ मध्ये पुढे आला. सगळे व्हेंटिलेटरवर आणि रक्तदाब टिकवण्याच्या औषधांवर होते. पहिल्या आठवड्यात एका गटाला दर किलो वजनामागे २५ उष्मांक, म्हणजे कॅलरी, तर दुसऱ्याला फक्त ६. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. उलट कमी दिलेले थोडे आधी आय.सी.यू.तून बाहेर जाण्यायोग्य झाले.

कारण असे की पहिले काही दिवस शरीर स्वतःच साखर बनवत असते आणि बाहेरून अन्न दिले तरी ते थांबत नाही. वरून आणखी ओतले तर रक्तातली साखर चढते, लिव्हरवर चरबी साठते आणि कर्बवायू जास्त तयार होऊन श्वासाचे काम वाढते. म्हणून सुरुवातीला कमी द्यायचे आणि पुढील तीन ते सात दिवसांत पायरीपायरीने वाढवत न्यायचे, असा आजचा प्रघात आहे.

पण कमी म्हणजे शून्य नव्हे. रुग्णाचा रक्तदाब सावरला की साधारण पहिल्या ४८ तासांच्या आत नळीतून थोडे तरी अन्न सुरू करतात. आतडे रिकामे राहिले की त्याचे अस्तर दुबळे होते. थोड्या अन्नानेही ते कामाला लागलेले राहते. रक्तदाब फारच कोसळलेला असेल तर मात्र थांबावे लागते. अशा वेळी आतड्याला रक्त कमी पोहोचते आणि त्यात अन्न ढकलले तर आतड्यालाच इजा होऊ शकते. पत्रातल्या सासऱ्यांना पहिल्या दिवशी काही दिले नाही, ते बहुधा याचमुळे.

आता हिशेब पाहू. ५० किलो वजनाचा रुग्ण धरा. सावरू लागल्यावर त्याला दिवसाला सुमारे १,२५० उष्मांक आणि ६० ते ६५ ग्रॅम प्रथिने लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांत याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी देतात. काही मोठ्या रुग्णालयांत श्वासातला प्राणवायू आणि कर्बवायू मोजून शरीर नेमके किती उष्मांक जाळते हे सांगणारे यंत्र असते. इतर ठिकाणी वजनावरून अंदाज बांधतात. या हिशेबात रुग्णाला झोपवून ठेवण्यासाठी दिलेले औषधही धरावे लागते. त्यातले एक पांढरेशुभ्र, दुधासारखे दिसणारे औषध तेलात मिसळलेले असते आणि त्याच्या दर मिलिलिटरमधून एक उष्मांकाहून थोडे अधिक मिळतात. दिवसभर ते चालू असेल तर तेवढे अन्न कमी करावे लागते. बाहेरच्या माणसाला हे कुठून कळणार?

त्याच पानावर आपल्या डब्याचाही हिशेब मांडून बघा. डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिने नावालाच असतात, ती खालच्या डाळीत राहतात. साबुदाण्याची किंवा तांदळाची पेज म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. फळांच्या रसात साखर आणि पाणी. शहाळ्याचे पाणी चांगले खरे, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंड थकलेल्या रुग्णाच्या हृदयाला तेच घातक ठरते. डबा परत पाठवणारी सिस्टर कठोर नव्हती एवढे यावरून लक्षात यावे. मात्र कारण दोन वाक्यांत समजावून सांगायला तिला वेळ मिळाला असता तर पत्र लिहिण्याची वेळ आली नसती, हेही खरे.

सलाईनबद्दलही बोलायला हवे. "सलाईन चालू आहे ना, मग ताकद मिळतेच" हा समज गावोगावी आहे. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असते, उष्मांक शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम ८५ ते १०० उष्मांक. ज्वारीच्या अर्ध्या भाकरीएवढे! सलाईन पाण्यासाठी, क्षारांसाठी आणि औषध पोहोचवण्यासाठी असते. अल्ब्युमिनच्या महागड्या बाटलीविषयीही अशीच गैरसमजूत आहे. ती "प्रथिनांची बाटली" म्हणून ओळखली जाते आणि ती आणण्यासाठी घरातली माणसे उसनवारी करतात. लिव्हरच्या काही आजारांत आणि आणखी काही ठरावीक प्रसंगी तिचा खरोखर उपयोग होतो. पण पोषण म्हणून ती देत नाहीत. गंभीर आजारात रक्तातले अल्ब्युमिन आजारामुळेच खाली येते. चिठ्ठी हातात पडली की "ही कशासाठी?" एवढे विचारण्याचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे.

आजारानुसार डोस कसा बदलतो, याची एक-दोन उदाहरणे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रथिने बंद, असे आपण ऐकत आलो. परंतु आय.सी.यू.त डायलिसिस सुरू असेल तर प्रथिनांचे घटक त्यातून वाहून जातात, म्हणून प्रथिने वाढवावी लागतात. याउलट मूत्रपिंड बिघडले आहे, पण डायलिसिस नाही, अशांना फार प्रथिने दिल्याने तोटाच होण्याची शक्यता २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसली. लिव्हर खराब होऊन गुंगी आलेल्यांची प्रथिने पूर्वी तोडत असत. आता तसे करत नाहीत, कारण स्नायू झिजले की गुंगी आणखी वाढते. स्वादुपिंडाला सूज आली की पूर्वी आठवडाभर पोट रिकामे ठेवायचे, आता शक्य तितक्या लवकर आतड्यातूनच अन्न देतात. मधुमेह नसलेल्याचीही साखर या काळात वाढते आणि इन्सुलिन लागते. ती १८० च्या खाली राहिली म्हणजे पुरे. ती अगदी ८०-१०० वर आणण्याच्या हट्टाने मृत्यू वाढतात, हे २००९ मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

यानंतर जे सांगायचे आहे त्यासाठीच मुख्यतः हा लेख लिहायला घेतला. आजारी पडण्याआधीच उपाशी असलेल्या माणसाचे काय?

बरेच दिवस पोटात अन्न नसले की शरीरातला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा आतून रिता होतो. रक्त तपासले तर आकडे कधी कधी ठीक दिसतात, म्हणून फसगत होते. अशा माणसाला एकदम भरपूर साखर-पेज दिली की शरीरात इन्सुलिन उसळते आणि उरलेसुरले क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात. रक्तातले फॉस्फेट कोसळते. हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. ब-१ जीवनसत्त्व संपले तर मेंदूवर परिणाम होतो. हे सारे अन्न सुरू केल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत घडते, आणि घरच्यांना वाटते की "आता कुठे खायला लागले होते, तोच गेले."

इतिहासात याची मोठी साक्ष आहे. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन या छळछावणीत पोहोचले. सुमारे साठ हजार माणसे तिथे हाडांचे सापळे होऊन पडली होती. सैनिकांनी दयेपोटी आपल्याजवळचे डबाबंद मांस आणि तेलकट शिधा वाटला, आणि तो खाऊन कित्येकजण दगावले. सुटकेनंतर तिथे तेरा हजारांवर माणसे मेली. त्यात टायफसच्या साथीचा आणि उपासमारीचा वाटा मोठा होता, पण या भलत्या अन्नाचाही होता. मग १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले दूधभुकटी, पीठ आणि साखरेचे मिश्रण तिथे नेण्यात आले. ते इतके गोड होते की अनेकांना घशाखाली उतरेना. एका दुष्काळासाठी तयार केलेले मिश्रण दुसऱ्या मुलखातल्या माणसांना जसेच्या तसे लागू पडले नाही. आहार माणूस पाहून ठरवावा लागतो, हे त्या डॉक्टरांना तिथे प्रत्यक्ष दिसले.

आपल्यातले असे रुग्ण कोण, हे शोधायला लांब जायला नको. क्षयरोगाने खंगलेला. तोंडाच्या किंवा अन्ननलिकेच्या कॅन्सरमुळे महिनाभर फक्त चहा गिळणारा. दारूवर दिवस काढणारा. पावसाळ्यात नाक्यावर काम मिळेना म्हणून पाव-चहावर राहिलेला. एकटी राहणारी म्हातारी. आणि घरातल्या सर्वांना वाढून झाल्यावर टोपात उरेल ते खाणारी बाई, जिचे वजन वर्षभर उतरत गेले तरी कुणाच्या ध्यानात आले नाही.

असा रुग्ण दाखल होतो तेव्हा डॉक्टर विचारतात, "जेवण कसे होते?" आणि आपण पटकन सांगतो, "व्यवस्थित होते हो, परवापर्यंत सगळे खात होते." लाज वाटते. घरात दाणा नव्हता हे चारचौघांत सांगायचे कसे? नवरा रोज पितो हे अनोळखी माणसाला कसे सांगायचे? शिवाय समोरचा कपाळाला आठ्या घालील, एखादा शब्द बोलेल, ही भीतीही अगदीच खोटी नसते. तरीपण सांगा. बेशुद्ध माणूस स्वतः सांगू शकत नाही आणि कोणत्याही यंत्रात ते दिसत नाही. सर्वांसमोर नको वाटले तर सिस्टरला किंवा आहारतज्ज्ञ बाईंना बाजूला घेऊन सांगा, नाहीतर कागदावर लिहून द्या. गेल्या दहा दिवसांत खरोखर किती पोटात गेले, तीन ते सहा महिन्यांत वजन किती उतरले (आकडा माहीत नसेल तर ब्लाउज सैल झाला, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले, एवढेही पुरते), दारू किती आणि शेवटची कधी, आणि कोणती औषधे चालू होती. दहा दिवसांपेक्षा जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लेले नसेल तर ही माहिती जीव वाचवणारी ठरते. ती कळली तर डॉक्टर अन्नाच्या आधी ब-१ चे इंजेक्शन देतात, दर किलोला दहा किंवा त्याहून कमी उष्मांकांपासून सुरुवात करतात आणि रोज रक्तातले क्षार तपासतात. यातले काहीही फार खर्चाचे नाही.

आत अन्न सुरू झाल्यावर नातेवाइकांनी एक प्रश्न रोज विचारावा, नम्रपणे विचारावा: "आज ठरवलेल्यापैकी किती गेले?" कारण सी.टी. स्कॅनला नेताना नळी बंद करतात, ऑपरेशन आहे म्हणून बंद करतात, ऑपरेशन पुढे ढकलले जाते आणि नळी तशीच बंद राहते. कागदावर १,२५० आणि पोटात ६००, असे बऱ्याच ठिकाणी होते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, कामाच्या रगाड्यात राहून जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांतले कमी हे ठरवून कमी असते, पण आठव्या दिवसानंतरही तसेच चालले असेल तर विचारलेच पाहिजे. नळीतून जात नसेल तर शिरेवाटे द्यायचे का, याचा निर्णयही तेव्हाच होतो.

लहान रुग्णालयांत सिस्टर कमी असल्याने नळीतून अन्न घालायचे काम कधी कधी नातेवाइकांवर येते. अशा वेळी सिस्टरने दाखवल्याशिवाय सुरू करू नका. नळी नाकाजवळ जिथे चिकटवली आहे तिथली खूण सरकलेली नाही ना, ते दर वेळी बघा. नळी फुप्फुसाच्या बाजूला सरकलेली असली तर अन्न थेट छातीत जाते. रुग्णाचा डोक्याकडचा भाग तीस ते पंचेचाळीस अंश उंच हवा, आणि अन्न दिल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तसाच ठेवावा. खोकला आला, दम लागला की तत्काळ थांबा आणि हाक मारा. शेवटी नळीतून स्वच्छ पाणी सोडा. भुकटीचे मिश्रण उकळून गार केलेल्या पाण्यात, धुतलेल्या भांड्यात करावे आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवलेले वापरू नये. तयार भुकटीचा डबा परवडत नसेल तर तसे मोकळेपणाने आहारतज्ज्ञांना सांगा. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत दूध, अंडे, साखर, तेल आणि पिठापासून मोजून केलेला पातळ आहार मिळतो. पैसे कमी पडले म्हणून डब्यातल्या भुकटीत दुप्पट पाणी घालू नका. रुग्णाच्या पोटात पाणीच जाते, आणि वहीत मात्र अन्न गेल्याची नोंद होते.

व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर सर्वांना आनंद होतो आणि कुणीतरी मायेने पाण्याचा ग्लास तोंडाला लावते. तेवढे करू नका. कित्येक दिवस घशात नळी राहिल्याने गिळण्याचे स्नायू सुस्त झालेले असतात आणि पाणी श्वासनळीत उतरते. पाण्यापेक्षा दाटसर घास पुष्कळदा सुरक्षित असतो. गिळणे तपासून परवानगी मिळाली की मगच द्या.

खरी खाऊ घालण्याची वेळ यानंतर येते. आजाराचा जोर ओसरला की शरीर पुन्हा स्नायू बांधू लागते आणि तेव्हा अन्न अंगी लागते. नेमक्या याच काळात नाकातली नळी निघालेली असते, तोंडाला चव नसते, दोन घासांत दम लागतो, आणि रुग्ण आय.सी.यू.त जेवढे घेत होता त्याहूनही कमी खातो. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. ५० किलोच्या माणसाला साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिने कशी मिळतील? दोन अंड्यांतून बारा, अर्धा लिटर दुधातून सोळा, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ, शंभर ग्रॅम शिजलेल्या कोंबडीतून पंचवीस, आणि बाकीची भाकरीतून व घट्ट वरणातून. मांसाहार परवडत नसेल तर सोयाबीन, हरभरा, मसूर, दही आहेतच. सुकट-बोंबलातही प्रथिने भरपूर असतात, पण रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठामुळे ते टाळावेत, आणि अशांनी बाकीचा आहारही डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. जोडीला रोज थोडे उठणे, बसणे, चालणे हवे, नाहीतर खाल्लेल्याची चरबी होते आणि स्नायू तसेच राहतात. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे आणि ती वही पुढच्या तपासणीला बरोबर न्यावी.

आय.सी.यू.तून घरी आलेल्या माणसाला उठवायचे आणि चालवायचे कसे, याविषयी पुढील अंकात.